थॉमस यंग, ब्रिस्टलचा प्रतिनिधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॉमस यंग कोण होता?

थॉमस यंग हा पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधला एक वकील होता. ब्रिस्टल या बंदराच्या शहरातून तो १४३५ पासून पुढची वीस वर्षे वेळोवेळी पार्लमेंटवर निवडून गेला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात न्यायाधीश झाला. एवढेच घडले असते, तर ब्रिस्टलच्या स्थानिक इतिहासाबाहेर त्याचे नाव कोणी घेतले नसते. कारण वेस्टमिन्स्टरला जाऊन कर मंजूर करणारे, शहराची चार कामे मार्गी लावणारे आणि घरी परतणारे प्रतिनिधी त्या शतकात शेकड्यांनी होऊन गेले. यंगचे वेगळेपण असे, की १४५१ मध्ये त्याने कॉमन्स सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात, राजाच्या वारसासंबंधी एक प्रस्ताव मांडला, त्यापायी त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडन या किल्लावजा तुरुंगात झाली, आणि १४५५ मध्ये त्याने नुकसानभरपाईसाठी जो अर्ज केला त्यात, सभागृहात बोललेल्या शब्दांबद्दल प्रतिनिधीला शिक्षा होता कामा नये, असे स्वच्छ शब्दांत लिहिले. सभागृहातल्या भाषणस्वातंत्र्यावर एका सामान्य सदस्याने स्वतःच्या प्रकरणात सांगितलेल्या हक्कांपैकी हा सर्वांत जुन्या दाव्यांत मोडतो.

त्याचे घराणे कोणते?

यंगचे वडील, त्यांचेही नाव थॉमसच, ब्रिस्टलचे व्यापारी होते आणि शहराचे मेयरपद त्यांनी भूषवले होते. आई जोन ही जॉन कॅनिंग्ज या श्रीमंत कापड व्यापाऱ्याची विधवा. पहिल्या पतीच्या निधनानंतर तिने थोरल्या यंगशी लग्न केले. त्यामुळे विल्यम कॅनिंग्ज हा थॉमसचा आईकडून सावत्र भाऊ झाला. हा विल्यम पुढे ब्रिस्टलचा सर्वांत मोठा जहाजमालक झाला, पाच वेळा मेयर झाला, आणि त्याच्या जहाजांवर आठशे माणसे कामाला असत, अशी नोंद त्याच काळातल्या विल्यम वूस्टर या ब्रिस्टलच्याच लेखकाने करून ठेवली आहे. थॉमसचा धाकटा सख्खा भाऊ जॉन लंडनला गेला, तिथल्या किराणा व्यापाऱ्यांच्या संघात शिरला आणि १४६६ मध्ये लंडनचा मेयर झाला.

एका घरातून एक मुलगा जहाजांच्या धंद्यात, एक राजधानीच्या व्यापारात आणि एक कायद्यात, अशी ही मांडणी होती. यशस्वी व्यापारी घराणी मुलांना कायदा शिकवीत, ते केवळ प्रतिष्ठेसाठी नव्हे. जकात, करार, कर्ज, जप्त झालेला माल, परक्या बंदरात अडकलेले जहाज, या सगळ्यांत वकिलाची गरज रोजची होती.

यंगने कायद्याचे शिक्षण कुठे घेतले?

लंडनच्या मिडल टेंपल या वकिली शिकवणाऱ्या संस्थेत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला त्या काळी रोमन कायदा आणि चर्चचा कायदा शिकवला जाई. इंग्लंडच्या न्यायालयांत चालणारा प्रचलित कायदा शिकायचा, तर 'इन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वकिलांच्या वसतिगृहवजा संस्थांत राहावे लागे. तिथे ज्येष्ठ वकिलांची व्याख्याने ऐकायची, लुटुपुटुच्या खटल्यांत बाजू मांडायची आणि सत्र चालू असताना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभे राहून खरे खटले ऐकायचे, असा तो अभ्यासक्रम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरी केली, ती लंडनच्या अशा चार इन्सपैकी एक आहे आणि मिडल टेंपल ही दुसरी, त्यामुळे मराठी वाचकाला ही परंपरा सर्वस्वी परकी नाही.

ब्रिस्टलचे त्या काळी काय महत्त्व होते?

लंडन वगळता इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होत असे. कोट्सवोल्डच्या टेकड्यांतल्या मेंढ्यांच्या लोकरीपासून विणलेले कापड इथून बाहेर जाई आणि बोर्दोहून वाइनची पिंपे येत. निळ्या रंगासाठी लागणारी वोड ही वनस्पती, आइसलंडचे वाळवलेले मासे आणि आयर्लंडचे कातडे, असा बाकीचा व्यापार होता. १३७३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सनद देऊन ब्रिस्टलला स्वतंत्र काउंटीचा, म्हणजे परगण्याचा, दर्जा दिला. लंडनबाहेरच्या शहराला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा एक परिणाम यंगच्या अर्जात दिसतो : तिथे तो स्वतःला ब्रिस्टलच्या 'काउंटी आणि शहराचा नाइट' म्हणवतो. हा किताब सरदारकीचा नव्हे, प्रतिनिधित्वाचा आहे.

बोर्दोच्या वाइनवर जगणाऱ्या या शहराला इंग्लंडच्या फ्रान्समधल्या प्रदेशांसाठी चाललेल्या युद्धाची झळ थेट बसत असे, हे पुढचा भाग वाचताना ध्यानात ठेवावे.

पार्लमेंटवर निवडून जाण्याची पद्धत कशी होती?

पार्लमेंट ही कायम चालणारी संस्था नव्हती. राजाला पैसे हवे असले, युद्ध किंवा संकट आले, की तो बोलावणे धाडी. चॅन्सरीतून, म्हणजे राजाच्या पत्रव्यवहाराच्या कचेरीतून, शेरीफ या काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या नावे आज्ञापत्र निघे, शेरीफ निवडणूक घेई, आणि निवडलेल्यांची नावे एका करारपत्रावर लिहून, त्यावर हजर मतदारांच्या मोहरा उमटवून तो ते परत पाठवी. हे करारपत्र १४०६ च्या कायद्याने सक्तीचे केले होते. प्रत्येक काउंटीतून दोन नाइट निवडले जात. अशा ३७ काउंट्यांतून ७४ प्रतिनिधी येत आणि त्यांच्या जोडीला शहरांचे प्रतिनिधी असत. काउंटीत मत देण्यासाठी वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी, असा नियम १४२९ च्या पार्लमेंटने केला. शहरांत ज्याची त्याची रीत वेगळी होती, आणि बहुतेक ठिकाणी निवड मूठभर वजनदार नागरिकांच्या हातात राही.

यंग वारंवार निवडून का जाई, याचे उत्तर इथेच आहे. शहराला स्वतःचा अर्ज नीट लिहिणारा, तो योग्य कारकुनाच्या हातात देणारा आणि लंडनमध्ये ज्याचा राबता आहे असा माणूस हवा असे. वकिलांविषयी सर्वांचेच मत चांगले नव्हते. १४०४ मध्ये कॉव्हेंट्रीला भरलेल्या पार्लमेंटमध्ये राजाने वकिलांना निवडूच नये असा हुकूम काढला होता, आणि ते 'अशिक्षित पार्लमेंट' म्हणून इतिहासात नोंदले गेले. पण शहरांना वकिलांवाचून चालत नसे.

त्यांना पगार मिळत असे का?

भत्ता मिळे. काउंटीच्या नाइटला दिवसाला ४ शिलिंग आणि शहराच्या प्रतिनिधीला २ शिलिंग असा प्रघात होता. तो खर्च राजा नव्हे, तर निवडून देणारी काउंटी किंवा शहर सोशीत असे.

१४५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये काय परिस्थिती होती?

परिस्थिती फार बिकट होती. सहावा हेन्री १४२२ मध्ये जेमतेम नऊ महिन्यांचा असताना गादीवर आला. वयात आल्यावर तो धार्मिक आणि सौम्य निघाला, पण ज्याच्या त्याच्या सल्ल्याने वाहवत जाणारा. १४४९ च्या शरदात फ्रान्समधले इंग्रजांच्या ताब्यातले रूआँ शहर हातचे गेले, एप्रिल १४५० मध्ये फॉर्मिनीच्या लढाईत इंग्रज सैन्याचा धुव्वा उडाला आणि ऑगस्टपर्यंत सबंध नॉर्मंडी प्रांत गेला. कॉमन्स सभेने राजाचा मुख्य सल्लागार, सफोकचा ड्यूक, याच्यावर महाभियोग आणला; राजाने त्याला वाचवण्यासाठी देशाबाहेर धाडले, तर मे महिन्यात समुद्रातच त्याला पकडून त्याचे मुंडके उडवण्यात आले. त्यानंतर जॅक केडच्या नेतृत्वाखाली केंट परगण्यातले लोक उठले आणि जुलैमध्ये लंडनमध्ये घुसले.

लोकांचा राग ज्यावर होता तो मुद्दा साधा होता. नॉर्मंडीत सेनापती असलेला सॉमरसेटचा ड्यूक एडमंड बोफर्ट हरून परत आला, आणि राजाने त्याला जाब विचारण्याऐवजी इंग्लंडचा कॉन्स्टेबल, म्हणजे सैन्याचा प्रमुख अधिकारी, नेमले. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, जो राज्यातला सर्वांत मोठा जमीनदार आणि राजघराण्यातलाच होता, त्याला मात्र आयर्लंडच्या कारभारावर दूर ठेवले होते. सप्टेंबर १४५० मध्ये यॉर्क परवानगीची वाट न पाहता आयर्लंडहून परतला.

६ नोव्हेंबर १४५० रोजी वेस्टमिन्स्टरला पार्लमेंट भरले. कॉमन्सने स्पीकर म्हणून सर विल्यम ओल्डहॉलची निवड केली. तो यॉर्कचा चेंबरलेन, म्हणजे त्याच्या घरच्या कारभारातला मुख्य अधिकारी होता. सॉमरसेटसह सुमारे तीस जणांना दरबारातून घालवा, अशी मागणी सभेने केली. राजाने ती अर्धवट आणि नाइलाजाने मान्य केली. ब्रिस्टलचा थॉमस यंग याच सभेत बसला होता.

यंगने नेमका कोणता प्रस्ताव मांडला?

हे पार्लमेंट तीन सत्रांत चालले आणि तिसरे सत्र मे १४५१ मध्ये भरले. त्या काळच्या एका लॅटिन बखरवजा वृत्तान्तात मोजक्या ओळींत हकीकत दिली आहे : कायद्याचा अभ्यासक ब्रिस्टलचा थॉमस यंग याने सभेत असे सुचवले, की राजाला मूलबाळ नाही, तेव्हा गादीचा वारस कोण हे उघडपणे जाहीर होणे राज्याच्या सुरक्षिततेसाठी बरे, आणि त्याने यॉर्कच्या ड्यूकचे नाव घेतले. त्याबद्दल त्याला पुढे टॉवरमध्ये टाकण्यात आले.

प्रस्ताव वरवर साधा दिसतो, पण त्यातला प्रत्येक शब्द स्फोटक होता. हेन्रीचे लग्न १४४५ मध्ये आंजूच्या मार्गारेटशी झाले होते आणि सहा वर्षांत अपत्य झालेले नव्हते. राजाचा शेवटचा हयात काका, ग्लॉस्टरचा ड्यूक हंफ्री, १४४७ मध्ये अटकेत असताना वारला. १४०६ मध्ये केलेल्या कायद्याने चौथ्या हेन्रीचे मुलगे आणि त्यांची संतती यांच्यापुरताच गादीचा क्रम ठरवला होता; ती शाखा खुंटली तर पुढे काय, यावर तो कायदा गप्प होता. यॉर्क हा वडिलांकडून तिसऱ्या एडवर्डच्या हयात राहिलेल्या चौथ्या मुलाचा वंशज होता आणि आईकडून दुसऱ्या मुलाचा. खुद्द राजा तिसऱ्या मुलाचा वंशज होता. म्हणजे आईकडच्या वंशावळीचा हिशोब मोकळेपणाने मांडला, तर यॉर्कचा हक्क राजाच्या हक्कापेक्षा वरचढ ठरत होता. दुसऱ्या बाजूला सॉमरसेट होता. त्याच्या बोफर्ट घराण्याचा मूळपुरुष राजपुत्र जॉन ऑफ गाँट, म्हणजे वर आलेला तिसरा मुलगाच, परंतु ती संतती लग्नाआधीची. तिला १३९७ मध्ये औरसपणा देण्यात आला, आणि १४०७ मध्ये त्याच सनदेला दुजोरा देताना राजपदाचा हक्क वगळल्याचे शब्द घालण्यात आले.

यंगने सॉमरसेटचे नाव घेतले नाही. त्याची गरजही नव्हती. यॉर्कला वारस म्हणून जाहीर करणे म्हणजे सॉमरसेटला कायमचे बाजूला सारणे, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला कळत होते. प्रस्ताव पुढे सरकलाच नाही. त्यानंतर लवकरच पार्लमेंट बरखास्त झाले.

तो यॉर्कचा हस्तक होता, असे म्हणता येईल का?

यंग यॉर्कचा वकील होता, आणि ही गोष्ट लपवलेली नव्हती. मोठे उमराव निरनिराळ्या शहरांतल्या हुशार वकिलांना वार्षिक मानधनावर बांधून ठेवत आणि एकाच वकिलाची अशी चार आश्रयस्थाने असत. स्पीकर यॉर्कचा माणूस, प्रस्ताव मांडणारा यॉर्कचा वकील, हे पाहता प्रस्तावाची बोलणी आधीच झालेली असणार, असे मानण्यास जागा आहे.

पण त्यावरून यंगला केवळ दुसऱ्याच्या तोंडाने बोलणारा ठरवणे मला योग्य वाटत नाही. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना राज्य स्थिर हवे होते. त्याच वर्षी जून महिन्यात बोर्दो फ्रेंचांच्या हाती गेले, आणि त्याच्या घराण्याची जहाजे ज्या व्यापारावर चालत तो व्यापारच धोक्यात आला. राजा निपुत्रिक मेला तर देशात यादवी माजेल, ही भीती काल्पनिक नव्हती. पुढच्या दहा वर्षांत घडले ते नेमके तेच. मालकाचे हित आणि शहराचे हित इथे एकाच दिशेने जात होते. कारण काय होते याचा निवाडा करताना दोन्ही ध्यानात घ्यायला हवीत.

वारस सुचवणे हा गुन्हा कसा ठरला?

गादीचा प्रश्न हा राजाच्या खास अधिकारातला, आणि त्याने विचारल्याशिवाय प्रजेने त्याला हात घालू नये, अशी समजूत होती. शिवाय राजाच्या मृत्यूची कल्पना करणे हाच १३५२ च्या राजद्रोहाच्या कायद्याप्रमाणे राजद्रोहाचा एक प्रकार होता. यंग राजाच्या मरणाविषयी बोलला नव्हता, पण 'पुढे कोण' हा प्रश्न त्या सीमेच्या अगदी जवळ जातो. त्याच्यावर रीतसर खटला भरला असता तर तो टिकला असता असे मला वाटत नाही. आणि तो भरलाच गेला नाही.

कैदेत त्याचे काय झाले?

याविषयीची मुख्य माहिती त्याच्या स्वतःच्या अर्जातून मिळते, म्हणजे ती फिर्यादीची बाजू आहे हे लक्षात ठेवूनच वाचली पाहिजे. त्याला धरून, लोकांच्या देखत, कठोरपणे टॉवरकडे नेण्यात आले. तिथे पुष्कळ काळ हालांत ठेवण्यात आले. शरीराला असह्य शिक्षा होईल आणि जीवही जाईल, अशी धास्ती त्याला घालण्यात आली. आणि हे सारे कोणतेही आरोपपत्र, कोणाची फिर्याद, कोणताही रीतसर हुकूम किंवा कायदेशीर कारण नसताना, आणि त्याला उत्तर देण्याची संधी न देता.

इथे वकिलाचा हात स्पष्ट दिसतो. फौजदारी प्रकरण सुरू करण्याच्या जेवढ्या म्हणून कायदेशीर वाटा त्या काळी होत्या, त्या सगळ्यांची नावे त्याने एकापाठोपाठ घेतली आहेत आणि प्रत्येकीपुढे 'नाही' लिहिले आहे. दुःखाचे वर्णन करता करता तो अटकेची बेकायदा बाजू पक्की करीत जातो.

१४५५ चा अर्ज तेव्हाच का आला?

कारण तेव्हा सत्ता फिरली होती. १४५३ च्या ऑगस्टमध्ये हेन्रीची बुद्धी हरपली आणि दीड वर्षाच्या आसपास तो कोणाला ओळखतही नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला मुलगा झाला, त्यामुळे वारसाचा जुना प्रश्न तात्पुरता मिटला. यॉर्क १४५४ मध्ये राज्याचा संरक्षक नेमला गेला. राजा बरा होताच सॉमरसेट पुन्हा वर आला. आणि २२ मे १४५५ रोजी सेंट ऑल्बन्सच्या रस्त्यांवर झालेल्या चकमकीत सॉमरसेट मारला गेला. जुलैमध्ये भरलेल्या पार्लमेंटवर यॉर्कच्या पक्षाची पकड होती आणि यंग पुन्हा ब्रिस्टलचा प्रतिनिधी होता. भरपाई मागण्यासाठी याहून अनुकूल वेळ मिळणार नव्हती.

त्या अर्जात इतके विशेष काय आहे?

अर्ज इंग्रजीत आहे आणि तो राजाला उद्देशून नसून 'शहाण्या आणि विचारी कॉमन्स'ना उद्देशून आहे. सुरुवातीला यंग सांगतो, की मागच्या अनेक पार्लमेंटांत आपण राजाच्या आणि राज्याच्या हितासाठी, आपल्या साध्याभोळ्या बुद्धीला जमेल तेवढ्या निष्ठेने बोललो. ही नम्रता अर्जाच्या रिवाजातली होती. त्यानंतर मुद्दा येतो. या देशाच्या सामान्य जनांचे एक जुने स्वातंत्र्य आहे, जे कोणाच्याही आठवणीपलीकडच्या काळापासून चालत आले आहे. त्यानुसार पार्लमेंटमध्ये जमलेल्या प्रतिनिधींना आपल्या सभागृहात जे योग्य किंवा रास्त वाटेल ते बोलण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि त्याबद्दल त्यांना कोणताही आक्षेप, आरोप किंवा शिक्षा होता कामा नये.

'आठवणीपलीकडच्या काळापासून' हे शब्द भावनेच्या भरात आलेले नाहीत. वहिवाटीचा हक्क सिद्ध करण्यासाठी इंग्रज कायद्यात हेच शब्द वापरावे लागत. शेतातून जाणारी पायवाट, गायरानावरची चराई, बाजार भरवण्याचा अधिकार, यांच्या खटल्यांत वकील रोज जो युक्तिवाद करीत, तोच यंगने सभागृहातल्या बोलण्याला लावला. राजाने दिलेली सवलत राजा काढून घेऊ शकतो. वहिवाटीचा हक्क त्याला काढून घेता येत नाही. मला हा या सबंध प्रकरणातला सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो.

दुसरी बारीक गोष्ट अशी, की कैदेचा दोष तो राजाला देत नाही. राजाच्या कानावर 'खोटे आणि कपटी वृत्तान्त' घातले गेले, असे तो म्हणतो. त्यात शिष्टाचार आहे, पण एक जुनी तक्रारही आहे. कॉमन्सची चर्चा बंद दाराआड चालत असे, आणि आतली गोष्ट पूर्ण होण्यापूर्वीच कोणी राजाला जाऊन सांगू नये, ही विनंती स्पीकर सर आर्नल्ड सॅव्हेज याने १४०१ मध्येच केली होती.

त्याला भरपाई मिळाली का? त्याचा हक्क मान्य झाला का?

राजाचे उत्तर एका वाक्याचे आहे : राजाच्या सल्लागार परिषदेतल्या उमरावांनी आपल्या विवेकाला योग्य आणि रास्त वाटेल तशी या अर्जदाराची सोय करावी. म्हणजे प्रकरण यॉर्कच्या वर्चस्वाखालच्या परिषदेकडे गेले आणि व्यक्तिगत दिलाशाचा दरवाजा उघडला. हक्काविषयी मात्र उत्तरात चकार शब्द नाही. हो नाही आणि नाहीही नाही.

काही लोकप्रिय लेखनात 'यंगने भाषणस्वातंत्र्य मिळवून दिले' अशी विधाने वाचायला मिळतात. ती बरोबर नाहीत. त्याने हक्क सांगितला, आणि तो पार्लमेंटच्या अधिकृत दप्तरात लिहिला गेला. त्याहून अधिक काही झाले नाही, पण हेही कमी नव्हते. कारण पुढच्या शतकांत जुने दाखले शोधणाऱ्या वकिलांना ते दप्तरातच सापडणार होते.

हे स्वातंत्र्य खरोखर इतके जुने होते का?

यंगने म्हटले तितके जुने आणि सर्वमान्य ते नव्हते. १३९७ मध्ये टॉमस हॅक्सी नावाच्या धर्माधिकाऱ्याने राजवाड्याच्या खर्चावर, तिथे राहणाऱ्या बिशपांच्या आणि स्त्रियांच्या गर्दीवर टीका करणारा अर्ज सादर केला. दुसऱ्या रिचर्डने त्याला राजद्रोही ठरवले. तो पाद्री असल्याने जीव वाचला, आणि राजा बदलल्यावर १३९९ मध्ये तो निकाल रद्द झाला. हॅक्सी कॉमन्सचा निवडून आलेला सदस्य होता असे दिसत नाही, त्यामुळे त्याचे प्रकरण यंगच्या प्रकरणाशी तंतोतंत जुळत नाही.

अधिक बोलके प्रकरण यंगच्या डोळ्यांदेखतचे आहे. १४५३ च्या पार्लमेंटचा स्पीकर टॉमस थॉर्प हा यॉर्कचा विरोधक होता. यॉर्कने त्याच्यावर दिवाणी दावा लावून निकाल मिळवला आणि स्पीकरला फ्लीटच्या तुरुंगात बसवले. १४५४ मध्ये कॉमन्सने त्याची सुटका मागितली. उमरावांनी न्यायाधीशांचे मत विचारले, तेव्हा पार्लमेंटच्या विशेषाधिकाराचा निवाडा करणे आपले काम नव्हे असे सांगून, सदस्यांना सहसा अशा अटकेतून सोडले जाते एवढे त्यांनी नमूद केले. तरीही थॉर्प आतच राहिला आणि कॉमन्सना दुसरा स्पीकर निवडावा लागला. ही बाब अटकेपासूनच्या संरक्षणाची होती, भाषणाची नव्हे. तरी ज्या यॉर्कसाठी यंगने कैद भोगली, त्याच यॉर्कने वर्षभर आधी सभागृहाचा विशेषाधिकार धाब्यावर बसवला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्या दशकात विशेषाधिकार हे दोन्ही पक्षांच्या हातातले हत्यार होते.

यंगचे पुढचे आयुष्य कसे गेले?

१४६० च्या पार्लमेंटमध्ये तो ग्लॉस्टरशर काउंटीचा प्रतिनिधी होता. ऑक्टोबरमध्ये यॉर्क वेस्टमिन्स्टरला आला, भर सभेत रिकाम्या सिंहासनाकडे गेला आणि त्यावर हात ठेवून त्याने थेट राजपदच मागितले. न्यायाधीशांनी आणि राजाच्या वकिलांनी हा विषय कायद्यापलीकडचा आहे म्हणून अंग काढून घेतले. अखेर तडजोड झाली : हेन्रीने मरेपर्यंत राजा राहावे आणि त्याच्यानंतर यॉर्क व त्याच्या वंशजांनी यावे. यंगने नऊ वर्षांपूर्वी सुचवलेली गोष्ट कायदा झाली, आणि या वेळी राजाला सात वर्षांचा मुलगा असूनही. त्या डिसेंबरात वेकफील्डच्या लढाईत यॉर्क मारला गेला. मार्च १४६१ मध्ये त्याचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला.

नव्या राजवटीत यंगचे दिवस पालटले. १४६३ मध्ये त्याला सार्जंट हा वकिलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. न्यायाधीश याच वर्गातून नेमले जात. १४६७ मध्ये तो कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या न्यायालयात आणि १४७५ मध्ये किंग्ज बेंच या दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो वारला. त्याच्या सावत्र भावाने, विल्यम कॅनिंग्जने, मात्र वेगळी वाट धरली होती : पत्नीच्या मृत्यूनंतर सगळा धंदा सोडून तो पाद्री झाला आणि १४७४ मध्ये वेस्टबरीच्या धर्मसंस्थेचा डीन म्हणून मरण पावला.

त्याचे भाषण शब्दशः का उपलब्ध नाही?

कॉमन्सच्या कामकाजाची नियमित नोंदवही १५४७ पासून सुरू होते. त्यापूर्वी सभेत कोण काय बोलले हे लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती, आणि बोलणाऱ्यांनाही ते नको असे. पार्लमेंटच्या गुंडाळ्यांत, म्हणजे चर्मपत्रावरच्या अधिकृत दप्तरात, मंजूर कर, अर्ज आणि राजाची उत्तरे येत. वादविवाद येत नसत. यंगचा १४५१ चा प्रस्ताव त्या अधिकृत दप्तरात नाही, तो वृत्तान्तातून कळतो. दप्तरात आहे तो १४५५ चा अर्ज, आणि त्यात प्रस्ताव काय होता याचा उल्लेख यंगने कटाक्षाने टाळला आहे. 'सभागृहात मांडलेल्या बाबी' एवढेच तो म्हणतो. दोन्ही साधने शेजारी ठेवल्याशिवाय घटना उलगडत नाही.

भारतीय संविधानाशी याचा काही संबंध लागतो का?

लागतो, पण मधले टप्पे ध्यानात घेऊन. डेव्हनमधल्या कथिलाच्या खाणींविषयी विधेयके मांडल्याबद्दल रिचर्ड स्ट्रोड या सदस्याला खाणकामगारांच्या न्यायालयाने लिडफर्डच्या कोठडीत टाकले, तेव्हा १५१२ च्या पार्लमेंटने त्याच्यासाठी कायदा केला. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सच्या नवव्या कलमाने पार्लमेंटमधले भाषण आणि कामकाज यांवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करण्यास मनाई केली. भारतात संसदेसाठी अनुच्छेद १०५ आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठी, म्हणजे महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी आणि विधान परिषदेसाठीही, अनुच्छेद १९४ हेच संरक्षण देतो : सभागृहात बोललेल्या शब्दासाठी किंवा दिलेल्या मतासाठी सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. इतर विशेषाधिकारांबाबत या अनुच्छेदांच्या मूळ मजकुरात थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा उल्लेख होता. तो १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळला गेला.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, लाच घेऊन केलेल्या भाषणाला किंवा मतदानाला हे संरक्षण लागू नाही, असा निर्णय देऊन १९९८ चा स्वतःचाच निकाल बदलला. यंग यॉर्ककडून मानधन घेत होता, तेव्हा त्यालाही हे लागू झाले असते का, असा प्रश्न काही वाचक विचारतात. माझ्या मते नाही. वकील म्हणून उघडपणे मिळणारे वार्षिक मानधन आणि एका ठरावीक भाषणाचा गुपचूप ठरवलेला मोबदला, या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि यंगच्या शत्रूंनीही दुसरा आरोप केलेला नाही.

यंगशी संबंधित जागा आज पाहता येतात का?

वेस्टमिन्स्टर हॉल उभा आहे. यंगने जिथे वकिली केली आणि पुढे निवाडे दिले, ती न्यायालये याच दालनात भरत. पंधराव्या शतकात कॉमन्सची सभा वेस्टमिन्स्टर ॲबीच्या भिक्षूंच्या भोजनगृहात भरत असे. ती इमारत पाडली गेली, मात्र मठाच्या आवाराकडची तिची भिंत शिल्लक आहे. टॉवर ऑफ लंडन पर्यटकांना खुला आहे. ब्रिस्टलमध्ये सेंट मेरी रेडक्लिफच्या चर्चमध्ये विल्यम कॅनिंग्जचे दोन शिल्पपुतळे आहेत : एकात तो व्यापाऱ्याच्या वेषात पत्नीशेजारी आहे, दुसऱ्यात पाद्र्याच्या झग्यात एकटा. यंगचा अर्ज ज्यात नोंदला आहे ती पार्लमेंटची गुंडाळी लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहे.